दहा मिनिटांचा पुरावा

"आईची हाडं ठिसूळ झालीत, म्हणजे तिला कॅल्शियम कमी पडतंय. मग रक्तात ते जास्त कसं? तू काहीतरी लपवतोयस," शलाका म्हणाली.

शस्त्रक्रियागृहाच्या काचेबाहेर ती बाबांजवळ उभी होती. आत आईला भूल दिलेली होती. तिच्यावर झुकलेला यंत्रमानव बिंदू काम करता करता बाहेरच्या ध्वनिक्षेपकातून बोलत होता.

"शालू, त्याला काम करू दे," बाबा म्हणाले.

"विचारू द्या, काका. ताई, गळ्यात चार परावटू ग्रंथी (तांदळाच्या दाण्याएवढ्या गाठी) असतात. रक्तात कॅल्शियम कमी झालं की त्या संप्रेरक (रक्तातून निरोप नेणारं रसायन) सोडतात आणि हाडं आपल्यातलं कॅल्शियम रक्ताला देतात. एखादी ग्रंथी बिघडली, तर पुरे झालं तरी ती निरोप थांबवत नाही. हाडं रिकामी होत जातात, रक्तात साठा वाढतो."

"आणि आम्ही वर्षभर तिला गोळ्या आणि दूध देतोय," बाबा पुटपुटले.

शलाकाला पटले नव्हते. "गळ्यावरच्या एवढ्याशा छेदातून तुला काय कळणार?"

"बिघडलेली ग्रंथी चित्रणात (स्कॅनमध्ये) आधीच दिसली आहे. मग सगळा गळा कशाला उघडायचा?"

बिंदूने शेंगदाण्याएवढी गाठ बाहेर काढली.

"झालं?" बाबांनी विचारले.

"सांगता येत नाही. हे संप्रेरक रक्तात काही मिनिटंच टिकतं. बिघडलेली ग्रंथी खरंच निघाली असेल, तर दहा मिनिटांत त्याचा आकडा निम्म्याहून खाली यायला हवा."

आधी आकडा दोनशे दहा होता. दहा मिनिटांनी पडद्यावर एकशे पासष्ट उमटला.

"चुकलास ना?" शलाका म्हणाली.

"हो. चित्रणात एकच दिसली. दुसरीही बिघडलेली असणार."

बाबा खाली बसले. शलाका मात्र काचेला नाक लावून बिंदूची बोटे बघत राहिली. त्याच छेदातून तो आणखी आत, मागच्या बाजूला गेला आणि दुसरी गाठ काढली. पुन्हा दहा मिनिटे.

चौतीस.

"आता तरी खात्री आहे?" तिने विचारले.

"बरीचशी. पण सहा महिने रक्त तपासत राहायचं. तेव्हाही कॅल्शियम ठीक असलं, तर आजार गेला म्हणायचं. हाडंही हळूहळू भरतील."

"मी येणार. आकडा आधी मला दाखवायचा."

"या की. सकाळी उपाशीपोटी."

"मी?"

"तुमच्या आई. तुम्ही खाऊन या."