कुबडीची सावली

"बाई, तुमच्याच फोटोनं तुमच्या भावाला पकडून दिलंय," इन्स्पेक्टर तिला म्हणाले.

गल्लीतले घड्याळजी काल, मंगळवारी संध्याकाळी, दुकानात मरून पडलेले सापडले होते. डोक्यात मागून घाव घातलेला. आणि आज चौकीच्या टेबलावर तिनं काढलेला फोटो होता, फ्रेमसकट.

रस्त्यावरच्या सावल्या टिपायच्या, हे तिचं वेड. तेही जुन्या रोलच्या कॅमेऱ्यावर, त्यामुळे फोटोवर ना तारीख, ना वेळ. या फोटोत नुसती फरसबंदी होती, उजव्या कडेला गटार, गटारावर टाकलेली फळी आणि एक लांब, उभी सावली. कुबडी घेतलेल्या माणसाची. तशी फळी फक्त घड्याळजींच्या दारात होती आणि गल्लीत कुबडी एकाचीच, तिच्या धाकट्या भावाची.

फोटो आणून दिला होता फ्रेमवाल्या काकांनी. ते कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. गेली सहा वर्षं तिचा प्रत्येक फोटो त्यांच्याच हातून भिंतीवर चढला होता. हाही तिनं घरीच धुऊन काल दुपारी त्यांच्याकडे सोपवला होता.

इन्स्पेक्टरांनी तिला सगळं उलगडून सांगितलं. ती फोटो काढते घरच्या खिडकीतून. खिडकी गल्लीच्या पूर्व टोकाला. सावली खिडकीपासून लांब, पश्चिमेकडे पडलेली, म्हणजे सकाळ. आज सकाळी काकांनी फोटोची वेळ आठची सांगितली आणि दुपारी आलेल्या डॉक्टरांच्या अहवालातही मृत्यूची वेळ आठच निघाली.

"भाऊ म्हणतो, सोमवारी संध्याकाळी गेलो होतो. घड्याळजींनी निरोप दिला म्हणे, ताईला पाठव, महत्त्वाचं सांगायचंय. मंगळवारी सकाळी कुठं होता, ते मात्र सांगत नाही."

फोटो सोमवार संध्याकाळचाच आहे, असं तिनं परोपरीनं सांगितलं. इन्स्पेक्टर नुसते हसले. सख्ख्या बहिणीचं कोण ऐकणार?

पण तिला भीती वेगळीच होती. मंगळवारी सकाळी साडेसातला भाऊ चोरपावलांनी बाहेर पडला होता. तिनं दाराचा आवाज ऐकला होता.

तिनं फोटोकडे पुन्हा पाहिलं. मग कोपऱ्यातल्या काकांकडे.

"साहेब, पाच मिनिटं माझ्या घरी चला. काकांनाही घ्या."

खिडकीपाशी तिनं विचारलं, "गटार कुठल्या बाजूला दिसतंय?"

"डावीकडे."

"आणि फोटोत?"

इन्स्पेक्टरांनी फोटो पाहिला, फिरवला, पुन्हा पाहिला. "उजवीकडे. म्हणजे हा उलटा आहे?"

"माझे सगळेच फोटो उलटे टांगलेले असतात. त्यानं सावली माणसासारखी उभी राहते. खरी सावली खिडकीकडे पडली होती. सूर्य मावळतीला होता, साहेब."

"मग काकांची चूक झाली."

"तुम्ही चुकू शकता. काका नाही." काका तिच्या आणि दाराच्या मध्ये उभे होते. तरी ती बोलत राहिली. "खरी वरची बाजू दाखवणारा बाण मी मागे पेन्सिलनं काढून देते. काका बरोबर त्याच्या उलट बाजूला टांगायची कडी ठोकतात. ही गोष्ट आम्हा दोघांनाच माहीत."

इन्स्पेक्टरांनी फ्रेमचा मागचा पुठ्ठा उचकटला. कडी एका टोकाला, बाण दुसऱ्या टोकाकडे.

"बाण बघूनही सकाळ सांगितलीत," ते काकांना म्हणाले. "आणि आठची वेळ डॉक्टरांच्याही आधी तुम्हाला कळली. कशी?"

काका दाराकडे वळले. दारात सोबत आलेला हवालदार उभा होता.

काकांच्या दुकानाच्या माळ्यावर तिच्या फोटोंच्या ढीगभर नकला सापडल्या. प्रत्येकीखाली काकांची सही. हेच घड्याळजी तिला सांगणार होते. मंगळवारी सकाळी त्यांनी आधी काकांना जाब विचारला, आणि दुकानाबाहेर पडू शकले नाहीत. सहा वर्षं ज्यांना ती घरचं माणूस समजली, त्यांच्या हातात भावाचा गळा होता.

भाऊ संध्याकाळी सुटून आला.

"ताई, तुला माझा संशय आला होता ना?"

"हो," ती म्हणाली. खोटं बोलवेना. "सकाळी कुठं होतास?"

त्यानं कुबडी भिंतीला टेकवली. मग तोल सावरत, दात आवळून, तो खिडकीपर्यंत सहा पावलं चालत आला.

"मैदानावर. आधी नीट जमू दे, मग तुला दाखवणार होतो."

मावळतीचं ऊन खिडकीतून आत आलं होतं. त्याची सावली तिच्या पायापर्यंत पोचली, एकटीच, कुबडीशिवाय. कॅमेरा हाताशी होता, पण तिला समोरचं काही दिसत नव्हतं.