न्यूट्रलला बंद पडणारी गाडी

आमच्या सोसायटीच्या फाटकातच गाडी बंद पडली. मागे दोन रिक्षा पों-पों करत होत्या, वर ढगाळ, कुबट दुपार... मला रडायलाच आलं होतं.

"न्यूट्रलला टाका, मी धक्का देतो," मागून कुणीतरी म्हणालं. बी विंगमध्ये नवीन राहायला आलेला पराग.

गाडी जागेवर लागली. हात झटकत त्यानं विचारलं, "ॲक्सिलेटर सोडला की मरते ना?"

"रुसलीय माझ्यावर."

"मग समजूत काढू या की! रविवारी येतो."

मी हसले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

बाबांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हाही ही काशिमीऱ्याच्या सिग्नलला अशीच बंद पडली होती. रिक्षा मिळेपर्यंत... जाऊ दे. आईनं तेव्हापासून गाडीचं तोंड पाहिलं नाही. "दगाबाज मेली, भंगारात दे," हाच धोशा. मला मात्र त्या सीटवर अजून बाबा बसलेले दिसायचे. दिवाळीपर्यंत सुधारली नाही तर देऊन टाकीन, असं मी आईला कबूल केलं होतं.

पराग रविवारी आला, पुढच्याही रविवारी आला. प्लग बदलले, थ्रॉटल साफ केला. इंजिनाचं आपलं तेच. घुर्र करून चढायचं, उतरायचं, खोकून गप्प व्हायचं. मी चहा घेऊन खाली जायची.

"साखर जास्त झालीय," तो म्हणायचा.

"मग ठेवा."

"छे! मला जास्तच लागते..." आणि असा रोखून बघायचा, की मी कप तिथेच ठेवून पळायची.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा त्यानं इस्त्रीला पाणी मारायची बाटली मागवली. "पाइप कुठे चिरला असेल तर हवा खेचतो. तिथे पाणी पडलं की आवाज बदलेल."

फुस्... फुस्... एका रबरी पाइपवर पाणी पडलं आणि इंजिन क्षणभर शहाण्यासारखं चाललं. परागनं गाडी बंद केली, आत हात घातला, काहीतरी ओढून काढलं आणि मूठ मिटली.

"काय झालं?"

"काही नाही. रबर जुनं झालंय."

हे तो माझ्याकडे न बघता म्हणाला. एरवी नजर न हटवणारा हा!

"मूठ उघड," मी म्हणाले. पहिल्यांदाच अरे-तुरे.

मुठीत गंजलेली तार होती. तिला झेंडूची एक वाळकी पाकळी चिकटलेली.

गेल्या वर्षीच्या दसऱ्याला बाबांना ताप होता, म्हणून गाडीची पूजा मी केली होती. बाबा हार पुढच्या जाळीला बांधायचे. पडू नये म्हणून मी बॉनेट उघडून त्याची तार पाइपला करकचून पिळली. फुलं काढली, तार तशीच राहिली, रबर कापत.

"म्हणजे त्या दिवशी..." मी तिथेच फरशीवर बसले.

तोही शेजारी बसला. "गाडी ह्या तारेनंच बंद पडली. आता खोटं नाही बोलत. पण बाबा हिच्यामुळे गेले असं तू म्हणशील ना... तर मी रोज येऊन नाही म्हणेन. रोज, संचिता."

"आधी का खोटं बोललास?"

"तुला रडताना बघवत नाही. आवडतेस तू मला... फार."

मी त्याच्या ऑइलनं माखलेल्या खांद्यावर डोकं टेकून पोटभर रडले.

त्यानं नवा पाइप बसवला. इंजिन संथ, एका सुरात चालू लागलं, बाबांच्या वेळी चालायचं तसं. वर पाहिलं तर आई गॅलरीत येऊन उभी राहिली होती.

"ती गाडीलाच शिव्या देत राहिली," मी म्हणाले. "तिला सांगायला हवं."

"मी येतो बरोबर."

मी तार मुठीत घेतली, त्यानं ती मूठ आपल्या हातात घेतली, आणि आम्ही जिना चढू लागलो.