चाळीस फुटांचा गाभा

तलावाच्या भिंतीची तपासणी करायला इंजिनीयर बाई आल्या, तेव्हा मी ओसरीत तुरीची डाळ निवडत होते. एप्रिल होता. सकाळी दहालाच ऊन चावत होतं. बाईंचं नाव दीपमाला, वय तिशीच्या आत, पायांत जाड बूट. बरोबर माझा पुतण्या बंकट होता, गावचा सरपंच.

“काकू, जुन्या कामाचं इचारायचंय म्हनत्यात. दोन मिंटात सांग अन् मोकळी हो,” तो म्हणाला.

बाईंनी जुन्या मोजमाप पुस्तकाची झेरॉक्स पुढं धरली. खाली माझ्या मालकांची सही होती.

आमचं गाव लिंबागणेशच्या पुढं, डोंगराच्या उतरणीला. तलाव बहात्तरच्या दुष्काळातला. माझे मालक उत्तरेश्वर त्या कामावर ओव्हरसियर होते. डिप्लोमा केलेला गावातला पहिला माणूस. मी अठरा वर्षांची नवी सून, पण ओव्हरसियरची बायको म्हणून मला सूट नव्हती. मातीच्या भिंतीच्या पोटात काळ्या मातीचा गाभा असतो, पाणी तोच अडवतो. ती माती थरावर थर टाकून, पाणी शिंपडून, आम्ही तीस बायका हातात हात धरून तुडवायचो. माझ्या शेजारी माझी जाऊ दगडाबाई, या बंकटची आई. पहारीनं तिच्या उजव्या पायाची करंगळी गेली होती. त्या पायानंही ती दिवसभर तुडवायची आणि मुकादमाच्या नकला करून आम्हाला हसवायची. पोटात मिलोची, म्हणजे दुष्काळात रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीची, अर्धी भाकर असायची. तरी तसं हसणं पुन्हा मला भेटलं नाही.

आता बंकटला जादा पाणी वाहून जायचा सांडवा चार फूट उंच करायचा होता, म्हणजे पाणी जास्त थांबेल. भिंत तो भार सोसेल असा दाखला बाईंनी द्यायचा होता. भिंतीच्या खाली, जुन्या ओढ्याच्या काठानं, आता तीस घरं झाली आहेत. त्यातलं एक बंकटचं.

मी सूप बाजूला ठेवलं आणि सांगितलं. एकदा काळी माती आणणाऱ्या गाड्या बंद पडल्या, कारण बैल चारा छावणीत गेले. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पाहणीला येणार होते. मालकांनी चाळीस फूट लांबीचा गाभा पाणी न अडवणाऱ्या लाल मुरमानं भरून घेतला, वरून काळ्या मातीचा हात फिरवला आणि पुस्तकात लिहिलं, ‘काळी माती, तुडवून’. आठ दिवसांत उकरून नीट भरू, म्हणाले. ते आठ दिवस आलेच नाहीत.

“तुमच्या मालकांचं नाव माझ्या अहवालात येईल, आजी,” बाई म्हणाल्या.

“येऊ द्या. ते गेले. खाली माणसं जिती हायेत.”

बंकट हसला. “म्हातारीला भास व्हत्यात, बाई. भिंतीत बाया नाचत्यात म्हन्ती.”

नाचतात असं मी कधीच म्हटलं नव्हतं. गेली काही वर्षं भर दुपारी भिंतीकडून आवाज येतो, एवढंच म्हणाले होते. साठ पाय एकदम पडल्यासारखा, जड, ओला. बीडला जाऊन कान दाखवून आले. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानानं कान उत्तम आहेत.

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. भिंतीच्या माथ्यावर, मी काठी टेकवली तिथं, आठ फूट खड्डा घेतला. अर्धं गाव जमलं होतं. मला कुणी सावलीत सरकायला जागा दिली नाही.

खड्ड्यात मुरूम नव्हता. काळीभोर माती होती, थरावर थर, लोण्यासारखी.

“काकू, मुरूम कुठाय?” बंकट ओरडला. “का पेरला व्हता अन् त्याची काळी माती उगवली?”

लोक हसले. माझ्या मालकांना मी आयुष्यभर मनातल्या मनात चोर ठरवलं की काय, असं क्षणभर वाटलं. पण माझ्या हातांनी मी तिथं मुरमाच्या पाट्या टाकल्या होत्या. ते मला कालच्यासारखं आठवतं.

बाई शिडीनं खाली उतरल्या. हातानं मातीचा एक थर सुटा केला. मी वाकून पाहिलं. थरावर अनवाणी पावलं उमटली होती, एकाला एक लागून. बोटांत जोडव्यांचे वळ होते.

“तलाव फेब्रुवारीपासून कोरडा आहे,” बाई हळू म्हणाल्या. “ही माती ओली आहे. ह्या आठवड्यात तुडवल्यासारखी.”

बंकटही खाली उतरला. कडेच्या एका उजव्या पावलाला चारच बोटं होती. तो त्याच्याकडं बघत राहिला. त्याची आई जाऊन अकरा वर्षं झाली होती.

मग त्यानं बुटाच्या टाचेनं ते पाऊल पुसलं.

“माती चांगली हाय. करा सही.”

“नाही. जी भिंत रोज कुणीतरी सावरतंय, ती उभी आहे असं मी लिहू शकत नाही.”

“कोन सावरतंय?”

तेवढ्यात दुपारचे बारा झाले आणि मला तुडवण्याचा तो आवाज ऐकू आला. त्यांनी खड्ड्याच्या भिंतीला तळवा टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. शिडीवरून वर येताना त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

त्यांच्या जीपच्या चारही चाकांची हवा सोडलेली होती. “गावाचं पानी आडवनारी तू कोन?” कुणीतरी गर्दीतून म्हणालं. पाटोद्याहून दुसरी गाडी येईपर्यंत त्या माझ्या ओसरीत बसल्या. जाताना मला त्यांनी आपला नंबर लिहून दिला.

सकाळी खड्डा भरलेला होता, काठोकाठ, तुडवून. जेसीबी आदल्या संध्याकाळीच गेला होता.

बाईंची बदली झाली. दुसरे साहेब आले, बंकटच्या घरी चहा प्याले, भिंतीकडं न जाता सही करून गेले. सांडवा चार फूट वर गेला. माझ्याशी गावानं बोलणं टाकलं. नळावर माझी घागर लाथेनं उडवली. बंकटची बायको बबिता समोर आली की थुंकायची.

पावसाळा चांगला झाला. पाणी चढेल तसा भिंतीतला आवाज वाढला. आधी दुपारपुरता होता, मग सकाळपासून दिवे लागेपर्यंत. घाईचा. दम लागलेल्या बायकांचा.

सप्टेंबरात पाणी नव्या खुणेला लागलं. संध्याकाळच्या जलपूजनाला बंकटनं मांडव घातला. हलगी सकाळपासूनच वाजत होती. तरी मला तुडवणं ऐकू येत होतं.

पावणेबाराला ते थांबलं.

मी काठी घेऊन भिंतीवर गेले. भरलेल्या खड्ड्यापासून काळ्या चिखलाची पावलं निघाली होती. ओली. कितीतरी बायकांची. माथ्यावरून ती सरळ डोंगराकडं गेली होती.

गावाकडं एकही वळलं नव्हतं.

मी बाईंना फोन लावला.

“आवाज थांबला, बाई.”

त्यांनी विचारलं, “भिंतीच्या पायथ्याला पाणी पाझरतं ना? ते कसं आहे बघा. स्वच्छ आहे का? गढूळ असलं तर आतली माती वाहून चाललीय.”

मी उतरून गेले. पायथ्याच्या झऱ्यावर बबिता धुणं धूत होती. मला पाहून ती या वेळी थुंकली नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

“आत्याबाई, हे बघा की. कितीबी खळबळलं तरी निघंना.”

तिच्या हातात बंकटचा पूजेचा पांढरा सदरा होता. मुरमासारखा लाल झालेला.