एकतीस नंबरचा अभ्रा

चादरी चोरीला गेल्या म्हणून कुणी गुप्तहेराकडे येतं, यावर भाऊजींचा विश्वास बसेना. ते खाली दुकानात घड्याळं दुरुस्त करत आणि वर वहिनींच्या कचेरीत आलेल्या माणसाला खुर्ची पुढे करत. वहिनींनी उमेदीची वर्षं विमा कंपनीसाठी जळालेल्या मालाची पाहणी करण्यात घालवली होती. राखेतून खरंखोटं निवडायची सवय निवृत्तीनंतरही सुटेना, तेव्हा त्यांनी जिन्याच्या तोंडाशी पाटी लावली आणि दिराला मदतीला घेतलं. या कामातलं आपल्यालाही बरंच कळतं अशी भाऊजींची समजूत होती. वहिनी ती मोडत नसत.

समोर बसलेली बाई चाळिशीची, नीटनेटकी होती, पण मान काही वर करत नव्हती. तिनं अडखळत सांगितलं ते असं. माहेरची माणसं राहायला येणार म्हणून तिनं पाहुण्यांच्या खोलीतला बॉक्सचा पलंग उघडला, तर आत ठेवलेल्या जादा चादरी, टॉवेल आणि अभ्रे गायब. बाहेरची येणारी एकच, कितीतरी वर्षं कामाला असलेल्या मावशी. रागाच्या भरात बाईनं त्यांना जिन्यातच, शेजाऱ्यांदेखत चोर म्हटलं. मावशींची इमारतीतली बाकीची कामंही सुटली. आता त्या रोज सकाळी येऊन त्याच जिन्यात बसतात. एक तर चोरी सिद्ध करा, नाहीतर जिथे म्हणालात तिथेच सगळ्यांसमोर शब्द मागे घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

"येता-जाता त्यांच्याकडे बघवत नाही," बाई म्हणाली. "त्यांनीच घेतलं हे एकदा सिद्ध झालं की मी सुटले."

"आणि नसलं घेतलं तर?" वहिनींनी विचारलं.

बाई पर्सच्या चेनची उघडझाप करत राहिली.

दुसऱ्या दिवशी दोघं त्या घरी गेले. जिन्यात मावशी बसल्याच होत्या. त्यांनी पाय आवरून वाट दिली आणि भाऊजी उगाचच भिंतीकडे बघत वर चढले.

पाहुण्यांची खोली कुणीच राहत नसल्यासारखी लख्ख होती. पलंगाचं झाकण इतकं जड, की भाऊजींनी ते उचललं तेव्हा कपाळमोक्षच व्हायचा. मावशी ते डोक्यावर तोलून धरतात, आपण नवऱ्याला हाक मारतो, असं बाईनं सांगितलं. झाकणाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा काळा गोल डाग होता. "रबराचा आहे," भाऊजींनी बोट फिरवून सांगितलं. वहिनींनी कौतुकानं मान हलवली.

आत नव्याकोऱ्या दुहेरी चादरी वेष्टनासकट होत्या. जाडजूड मऊ टॉवेलही जागच्या जागी. गेल्या होत्या त्या धुऊन धुऊन विरत आलेल्या एकेरी चादरी, पातळ टॉवेल आणि एक चपटी उशी. कोपऱ्यात जुन्या वाटीत डांबरगोळ्या गोळा करून ठेवलेल्या. त्या मावशी दर घडीत घालतात, म्हणजे कुणीतरी निवांत बसून एकेक वेचून काढल्या होत्या.

"चोराला नाकाचा त्रास दिसतोय," भाऊजींनी विनोद केला. कुणी हसलं नाही.

अगदी तळाशी एक अभ्रा सापडला. त्याच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्यानं ३१ हा आकडा शिवला होता. टाके वेडेवाकडे, आणि दोन्ही पदरांतून गेल्यामुळे अभ्र्याचं तोंड अर्धं शिवलं गेलेलं. इस्त्रीवाल्याची खूण असेल, असं बाई म्हणाली.

वहिनी मात्र पलंगाशेजारच्या भिंतीकडे बघत होत्या. तिथे न्हाणीघरात लावतात तशी धरायची दांडी बसवली होती. "पाहुण्यांत कुणी वयस्कर असतं का?"

"आधी सासऱ्यांची खोली होती ही," बाई घाईनं म्हणाली. "दोन महिने झाले, ते नणंदेकडे राहायला गेलेत. त्यांच्या मर्जीनं."

नवरा संध्याकाळी भेटला. चार चादरींसाठी गुप्तहेर बोलावल्याची त्याला लाज वाटत होती आणि ती तो चिडचिडीत दडवत होता. बहिणीचं आणि त्याचं आईच्या आजारपणावरून बिनसलं, तेव्हापासून बोलणं बंद. वडिलांनी स्वतःच तिच्याकडे जायचं ठरवलं, मोठी बॅग घेतली, सोडायला येऊ नको म्हणाले. आता दर रविवारी फोन करतात आणि सगळं छान आहे म्हणतात.

"तुम्ही कधी करता का फोन?"

"ती शेजारी बसलेली असणार," तो म्हणाला. "मग कसं बोलायचं?"

बाहेर पडल्यावर भाऊजींनी आपला निकाल सांगून टाकला. नवऱ्याचं दुसरं बिऱ्हाड आहे, सामान तिकडे गेलंय.

"दुसऱ्या बिऱ्हाडाला माणूस एकेरी चादरी नेतो का, भाऊजी?"

भाऊजींनी तो मुद्दा सोडून दिला.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं अभ्रा हातात घेऊन परत दिला. आपण शाईचा ठिपका देतो म्हणाला. दोऱ्यानं आकडे शिवायचे ते जिथे पन्नास माणसांचे कपडे एकत्र धुतले जातात तिथे, आणि हे काही शिवणाऱ्याचं काम नाही, कुणीतरी दिसत नसताना शिवलंय.

राहिल्या मावशी. त्यांचं घर बघायलाच हवं, असा हट्ट भाऊजींनी धरला, आणि तो धरल्याचा त्यांना पुढे पुष्कळ दिवस पस्तावा झाला. मावशींनी काही न विचारता पत्र्याची ट्रंक पुढे ओढली आणि एकेक वस्तू बाहेर काढून जमिनीवर मांडली. चार ठिगळांची चादर. मधोमध विरलेला, कापून उलटा जोडलेला टॉवेल. मुलीचा लहानपणीचा फ्रॉक.

"खालचंही बघा," त्या म्हणाल्या. "राहिलं असं वाटायला नको."

भाऊजींचे कान तापले. पुरे, पुरे, असं ते पुटपुटले, पण मावशींनी ट्रंक रिकामी करूनच दाखवली. मग वहिनी जमिनीवर बसल्या आणि एकेक कपडा घडी करून परत ठेवायला लागल्या. ठेवता ठेवता त्यांनी एकच विचारलं, डांबरगोळ्या त्या घरात कुणाला चालत नव्हत्या.

"आजोबांना. वासानं ढास लागायची. त्यांची चादर मी आदल्या दिवशी उन्हात टाकायचे."

वहिनींनी ट्रंकेचं झाकण लावलं. 

रविवारी सकाळी वहिनींनी सगळ्यांना त्या घराच्या दिवाणखान्यात बसवलं. मावशी दाराशीच उभ्या राहणार होत्या. भाऊजींनी स्वतःची खुर्ची त्यांना दिली.

"चोरानं काय सोडलं ते बघा," वहिनींनी सुरुवात केली. "विकून दोन पैसे मिळावेत अशा नव्या चादरी सोडल्या. घेतल्या त्या जुन्या, अंगाला मऊ लागणाऱ्या, आणि सगळ्या एकेरी. म्हणजे त्या विकायला नेल्या नाहीत, एका माणसाच्या अंथरुणासाठी नेल्या. टॉवेल पातळ निवडले, कारण जाड टॉवेल पिळायला हातात जोर लागतो. गोळ्या वेचून काढल्या, कारण त्या माणसाला वासानं ढास लागते. झाकणावर रबराचा गोल डाग आहे. मावशी झाकण डोक्यावर तोलतात. तुम्ही दोघं एकमेकांना हाक मारता. ज्याला हाक मारायची नव्हती आणि तोलताही येत नव्हतं, त्यानं काठीचा टेकू दिला. काठीच्या टोकाला रबर असतं."

नवरा सावरून बसला. "बाबांनी नेल्या म्हणता? न्या की. बहिणीकडे गेले, सवयीच्या चादरी नेल्या. यात लपवण्यासारखं काय?"

"मीही तेच म्हटलं असतं. पण मुलीच्या घरी कुणी चादरीवर नंबर शिवत नाही." वहिनींनी अभ्रा टेबलावर ठेवला. "म्हाताऱ्या नजरेनं शिवला. दोन्ही पदर एकत्र शिवले गेले म्हणून हा मागे राहिला. तुम्ही बहिणीला एक फोन करा."

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. शेवटी त्यानं नंबर लावला आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"दादा?" पलीकडचा आवाज घाबरलेला होता. "तू कसा फोन केलास? बाबांना काही झालं का? बरे आहेत ना तुझ्याकडे?"

 बराच वेळ पलीकडून दादा, दादा अशी हाक येत राहिली. मग त्यानं फोन ठेवला आणि वडिलांचा नंबर लावला.

"अरे, आज तू केलास?" वडील खुशीत म्हणाले. "छान आहे सगळं. आत्ताच तुझ्या बहिणीनं चहा दिला."

"बाबा, तुमच्या चादरीवर एकतीस नंबर आहे ना?"

पलीकडे कुणीतरी भांडी हलवत होतं, ते ऐकू आलं.

"कुणी सांगितलं?" म्हाताऱ्याचा आवाज एकदम बारीक झाला. "जुन्याच बघून नेल्या रे मी. इथं आपापलं अंथरूण नंबर घालून आणावं लागतं. सूनबाई म्हणत होती ना, पाहुणे आले की झोपवायला जागा नाही. तुला सांगितलं असतं तर तुला चारचौघांत खाली बघावं लागलं असतं."

नवऱ्यानं तोंडावर हात धरला. तो रडत होता आणि ते लपवायचंही त्याला सुचत नव्हतं. भाऊजी आपल्या बुटांकडे बघत बसले. इथे आपण असायला नको होतं, असं त्यांना फार वाटलं.

"आम्ही चादरी मोजल्या," नवरा कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला.

बायको उठली.  चादरी पलंगामागे पडलेल्या सापडल्या, असं सांगितलं तर चालेल का, असं तिनं हळूच वहिनींना विचारलं. मावशींवरचा आळ जाईल आणि घरची गोष्ट घरात राहील.

"मला विचारू नका," वहिनी म्हणाल्या. "त्यांना विचारा."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं. "काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, ताई," त्या म्हणाल्या. "आधी आजोबांना आणा. नव्या चादरी नका घालू. न धुतलेल्या टोचतात त्यांना."

 बाईनं दार उघडलं. जिन्यात शेजारीण पायपोस झटकत होती, तिच्या मागे आणखी दोघीजणी बोलत उभ्या होत्या. बाई त्याच पायरीवर जाऊन थांबली, मावशी बसायच्या तिथे. भाऊजी दारातून बघत होते. 

"मावशींनी आमचं काही घेतलेलं नाही," ती म्हणाली. "चादरी माझे सासरे घेऊन गेले. वृद्धाश्रमात. आणि दोन महिने ते कुठे आहेत, हे आम्हाला ठाऊक नव्हतं."

शेजारणीच्या हातातला पायपोस तसाच राहिला. मावशींनी आत जाऊन पाहुण्यांच्या खोलीच्या खिडक्या उघडल्या आणि डांबरगोळ्यांची वाटी उचलून बाहेर नेली.