आप्पांचं लॉक

नारायणगावाहून जुन्नरला निघालेल्या एसटीत यशोधरा मांडीवर जुना सीपीयू घेऊन बसली होती आणि प्रत्येक खड्ड्याला त्याच्यासकट उडत होती. शेजारच्या तरुणाला ते बघवेना.

"आना इकडं. मी धरतो."

"नको. आमच्या आप्पांचा हाय."

"आप्पांना पाडनार न्हाई मी... म्हंजे, ह्याला."

यशोधरा खुदकन हसली. आप्पा गेल्याला दोन वर्षं झाली होती आणि त्यांचं नाव निघाल्यावर हसू आलेला हा पहिलाच दिवस.

सीपीयूच्या मागे बोटाच्या पेराएवढं काहीतरी खोचलेलं होतं. ते पाहून तो तरुण, रत्नदीप, सरसावून बसला. "सॉफ्टवेअरचं लॉक! हे अजून कुनी वापरतं?"

वापरत होते ते आप्पा, म्हणजे यशोधराचे वडील चांगदेव. जुन्नरच्या पेठेत त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान, आता तीच चालवायची. सगळा बाजार फुकटच्या कॉपीवर चालायचा, तेव्हा त्यांनी पत्रिकांचं सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलं होतं. हे लॉक लावलं तरच ते उघडायचं. आप्पांनी स्वतः काढलेल्या वेली, मोर, पिंपळपानं, सगळी त्यातच होती आणि दुसऱ्या कशातच उघडत नव्हती. आता कंपनी बंद पडलेली, जुनं मशीन मेलेलं, आणि नवा कॉम्प्युटर त्या सॉफ्टवेअरला ओळखच देईना. मंचरच्या मेकॅनिकनं तर सरळ सांगितलं होतं, टाकून द्या.

"टाकायचं कशाला?" रत्नदीप म्हणाला. "नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुना कॉम्प्युटर बसवता येतो. त्या सॉफ्टवेअरला वाटतं, आपन अजून जुन्याच घरात हाय."

पुण्यातली एक नोकरी सोडून दुसरी धरण्याआधी तो महिनाभर महाळुंगे पडवळला घरी आला होता. दुसऱ्या दिवसापासून तो दुकानात येऊ लागला.

प्रेमाबद्दल पुस्तकांत काहीही लिहिलेलं असो, यशोधराला ते दुपारी अडीचला, पेठेत वळणाऱ्या मोटरसायकलच्या आवाजात कळायचं. दोन वाजल्यापासून तिचा जीव दारात. तो आला की मात्र ती कागद मोजण्यात अगदी गढून गेलेली!

"चहात साखर किती?"

"तुमी घालाल तेवढी."

"लई घातली तर?"

"तर उद्या बी प्यायला येईन."

कपाळावर आठ्या घालून तो स्क्रीनकडे बघायचा आणि ती त्याच्या आठ्यांकडे. तो निघून गेला की त्याची खुर्ची तशीच तिरकी राहायची. ती सरळ करायला यशोधराचा हात धजत नसे.

विसाव्या दिवशी तो म्हणाला, "झालंच आता. उद्या लॉक लावलं की उघडंल. सोमवारी मी पुन्याला हजर."

यशोधरानं मोजून झालेले कागद पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले. दुसऱ्या दिवशी त्याची मोटरसायकल वाजली, आणि तिनं टेबलावरचं लॉक उचलून पर्समध्ये टाकलं.

त्यानं टेबलाखाली शोधलं, केरात शोधलं, आपली बॅग उलटी केली. "काल माझ्याच हातात व्हतं..." त्याचा चेहरा पांढराफटक पडला. सांगावं, आत्ता सांगावं... पण तीही त्याच्याबरोबर खोटंखोटं शोधत राहिली. तो बॅग उचलून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी अडीच वाजले, पण तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन नुसता वाजत राहायचा. ज्याला थांबवायला हा उपद्व्याप केला, तोच गेला! पेठेतून जाणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलला ती मान वर करायची आणि मनातल्या मनात स्वतःच्या श्रीमुखात द्यायची.

शनिवारी तिनं स्कूटी काढली आणि थेट महाळुंगे गाठलं.

रत्नदीप ओट्यावर बसला होता. समोर कागदावर पाच-सहा जुनी लॉकं मांडलेली.

"पुन्यातल्या जुन्या बाजारातनं आनली," तो खाली मान घालून म्हणाला. "एक बी चालंना. रिकाम्या हातानं तुमच्यासमोर कसं यायचं?"

यशोधरानं पर्स उघडली आणि आप्पांचं लॉक त्याच्या हातावर ठेवलं.

"हरवलं न्हवतं. मी लपवलं व्हतं."

"का?"

"काम झालं की तुमी जानार. मग अडीच वाजता मी कुनाची वाट बघू?"

तो ताडकन उठला. "चार रात्री डोळ्याला डोळा न्हाई माझ्या! तुमच्या आप्पांची वस्तू घालवली म्हनून..."

"चुकले मी. काय बोलायचं ते बोला. पन... यायचं सोडू नका."

तो खाली बसला आणि कागदावरची लॉकं एकेक करून गोळा करू लागला. यशोधराच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

"सहा दिवसांचं काम व्हतं, यशोधरा," तो शेवटी म्हणाला. "मी वीस दिवस लावले. तुझ्याहून मोठा लबाड मीच."

त्याच्या तोंडचं ते पहिलंवहिलं 'तुझ्या' ऐकून ती रडायचंच विसरली.

"पुन्याहून दर रविवारी येईन," तो म्हणाला. "काय बिघडलेलं नसलं तरी."

"रविवारी दुकान बंद असतं."

"दुकानात कोन येतंय? घरी येतो. आईला घेऊन."

मागे तांब्या वाजला. रत्नदीपची आई, द्रौपदाबाई, पाणी घेऊन दारात कधीची उभी होती.

"रविवारपातुर कशाला थांबायचं?" ती म्हणाली. "मी आत्ताच लुगडं बदलून येते."