नवरंगासाठी वाजवलेली शीळ

बसा. तुम्ही मागायला आलात तो, पक्ष्यांना शीळ ऐकवायचा स्पीकर आहे माझ्याकडे, आणि देणारही आहे. पण लाइट गेली आहे, मेणबत्तीच्या उजेडात कपाट उपसावं लागेल, आणि त्याआधी मला थोडं बोलायचं आहे. मी एका जागी बसणारा माणूस नाही. बोलत नसलो तर मला करमत नाही. सरिता, माझी बायको, म्हणायची की पक्षी बघायला तुम्हाला नेणं म्हणजे लग्नाचा बँड सोबत नेणं.

ती स्वतः मात्र तासन् तास हलायची नाही. मांडीवर वही, गळ्यात दुर्बीण. मी फोटो काढायचो, ती नोंदी ठेवायची. रामदासपेठेतल्या ऑफिसात सहा दिवस काढायचे आणि रविवारी पहाटे बेसातलं घर सोडायचं, असं आमचं नऊ वर्षं चाललं होतं. आमच्या पक्षी बघणाऱ्या ग्रुपचे विश्वनाथ सर एका बाबतीत फार कडक. घरट्यांच्या दिवसांत पक्ष्याला त्याचा आवाज ऐकवायचा नाही. पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत कोणी शिरलं, आणि तो सगळं सोडून धावत येतो. सगळं म्हणजे पिल्लंसुद्धा.

हे मला पाठ होतं. तरी जुलैच्या पहिल्या रविवारी मी स्पीकर नेला. चार वर्षं नवरंग पक्षी माझ्या कॅमेऱ्याला हुलकावणी देत होता, आणि ग्रुपवर रोज कोणी ना कोणी त्याचा फोटो टाकत होतं. जळायचो मी, खोटं कशाला बोलू.

काटोलच्या अलीकडे एक तलाव आहे, त्याच्या मागे नाला. पलीकडे बांबूचं दाट बेट. आभाळ भरलेलं, सकाळचे सात वाजले तरी बांबूखाली अंधारच होता. कुजलेल्या पाल्याचा वास नाकात बसत होता. मी स्पीकर नाल्यातल्या झुडपात ठेवून शीळ लावली. एक शीळ, बारा सेकंद शांतता, पुन्हा शीळ. तिसऱ्याच शिळेला तो आला. हिरवा, पिवळा, पोटाखाली लाल. सरिता जरा दूर बसली होती. मी दबक्या आवाजात हाक मारली, "सरिता, इकडे ये वं. लवकर. दिसून राहिला."

ती आली, बघून हरखली, आणि परत आपल्या जागी जाऊन बसली. फोटो मिळाले होते. तिथंच थांबायला हवं होतं. पण उजेड कमी होता, त्याच्या डोळ्यात चमक येत नव्हती, म्हणून मी शीळ चालूच ठेवली. चाळीस मिनिटं. नवरंग स्पीकरवर उड्या मारत होता, त्याचा आवाज बसत चालला होता. त्याची मादीही खाली आली.

"बंद करा न आता," सरिता म्हणाली. "वर पळसावर घरटं आहे त्याचं. दोघंही इथं येऊन राहिले, तिथं कोणीच नाही."

"दोन मिनिटं," मी म्हणालो.

त्या दोन मिनिटांत भारद्वाज घरट्यात घुसला आणि पिल्लं खाऊन गेला. ज्याचं दर्शन शुभ मानतात, तोच. तिनं दुर्बिणीतून सगळं पाहिलं. वही मिटली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

मी नाल्यात उतरलो. स्पीकर उचलला तर तो बंद पडला होता, बॅटरी संपलेली. तो हातात घेऊन उभा होतो आणि समोरच्या बांबूतून आवाज आला.

"सरिता, इकडे ये वं. लवकर. दिसून राहिला."

माझा आवाज. तोच दबका सूर. बारा सेकंदांनी पुन्हा तेच.

सरिता उठली. मी नाल्यात होतो, तिला दिसत नव्हतो. ती वरच्या अंगानं नाला ओलांडून बांबूकडे चालू लागली. मी ओरडलो, "सरिता, थांब!" ती थांबली. इकडेतिकडे पाहू लागली. आणि बांबूतून माझाच आवाज आला, "सरिता, थांब..." मग जरा वेळानं, "इकडे ये वं..."

मला तेव्हा कळलं. मी जे बोलेन ते बांबूत जे काही होतं त्याला मिळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड दाबलं आणि पळत सुटलो. दगडांवर आपटलो, दोन्ही गुडघे फुटले, पण हूं की चूं केलं नाही. ती बांबूपासून हातभर अंतरावर असताना मी तिचा दंड धरला. ती किंचाळली. मला ढकलू लागली. कारण तिच्या लेखी मी तर समोर होतो ना, आत बांबूत. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, बांबूकडे पाहिलं, आणि आतून कोणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं, "दोन मिनिटं."

आम्ही तसेच घरी आलो.

त्यानंतर ती माझ्या हाकेला ओ देईना. मी दुसऱ्या खोलीतून बोलावलं की म्हणायची, आधी असं काही बोला जे तुम्ही मले कधीच सांगितलं नाही. रोज नवीन काय सांगणार? लहानपणीच्या चोऱ्या सांगितल्या, ऑफिसातल्या लबाड्या सांगितल्या. महिन्याच्या शेवटी ती काटोलला माहेरी गेली. तुमचा आवाजच नको काही दिवस, म्हणाली. मला फार लागलं ते. पण तिची चूक नव्हती.

एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. ती घरट्याचं बोलली त्याच्या बऱ्याच आधी मला ते दिसलं होतं. दिसूनही मी शीळ चालू ठेवली होती. हे सांगून तिची माफी मागायची आणि तिला घरी आणायचं, असं ठरवलं. शनिवारी संध्याकाळी बाल्कनीत उभा राहून मी ते वाक्य तीन-चारदा म्हणून पाहिलं. मोठ्यानं. आमच्या इमारतीमागे रिकामे प्लॉट आहेत, नुसती बाभूळ आणि घाणेरी. तिथं ऐकायला कोण असणार, असं वाटलं.

रविवारी दहाला काटोलला पोचलो. माझे सासरे, बापूजी, ओट्यावर बसले होते. मला पाहून उठले.

"परत काहून आले? सरिता कुठं आहे?"

मी दारातून आत डोकावलो.

"सातलेच त निघाले तुम्ही दोघं," ते म्हणाले. "आधी ती दार उघडून नव्हती राहिली. मंग तुम्ही बाहेरून घरट्याचं काही बोलले... तुमालेही दिसलं होतं म्हणून. लय रडली ते ऐकून. अन् उघडलं."

गाडी कुठे होती, मी विचारलं.

"गाडी कुठं होती? पायीच गेले. तुम्ही पुढं, ती मागं."

"बापूजी, माझा चेहरा पाहिला तुम्ही?"

"पाठ पाहिली," ते म्हणाले. "पाठच..."

आज एकोणीस दिवस झाले. ठाण्यात तक्रार आहे, पण बापूजी तिथंही जे पाहिलं तेच सांगतात, जावईच घेऊन गेला. लोक माझ्याकडे कसे बघतात ते तुम्हीही पाहिलं असेल.

मी रोज सकाळी त्या नाल्यावर जातो. तिचं नाव ओठांवर येतं. पण हाक मारली तर ती माझ्याकडे येईल की माझ्या आवाजाकडे, हे मला माहीत नाही. म्हणून रुमाल तोंडात धरून उभा राहतो.

परवा बांबूतून ती बोलली. "अहो, या न इकडं. एकटीले भेव लागते." सरिताचाच आवाज, तिळमात्र फरक नाही. फक्त तो जमिनीपासून वीतभर उंचीवरून येत होता.

मी फार विचार केला. ती असेलही. स्पीकर तुम्ही न्या, मला आता तो लागणार नाही. उद्या मी नाला ओलांडणार आहे.