साधनाच्या सऱ्या

तण काढायचा डवरा ओढणारे बैल थांबले, तशी साधनानं मान वर केली. वावराच्या धुऱ्यावर, बांधावर एक उंच पोरगा हसू दाबत उभा होता.

"ओ बाई, डवऱ्याले दोर तसाच गुंडाळलेला राह्यला न."

"मीच गुंडाळला. दोरानं माती दोन्हीकडं लोटल्या जाते. सोयाबीनमंधी सऱ्या काढून राह्यली."

"वावरात नाल्या? कायले?"

"आता महिन्याचं पानी एका दिवसात पडते, अन् मंग वीस दिवस तोंड दाखवत नाही. जास्तीचं सरीतून निंगून जाते, बाकीचं मुरते... तुमी कोन?"

"अतुल. शेजारचं वावर माहं. देवरावकाका म्हनले, औंदा पीक बुडालं तर हे वावर मले मक्त्यानं देतो."

देवराव साधनाचे वडील. दोन एकर त्यांनी तिला एकाच हंगामासाठी दिले होते. पीक बुडालं की वावर दुसऱ्याचं, हे ती जाणून होती. पण तो दुसरा असा गालाला खळी पडणारा निघावा?

"मंग दिवाळीपावतर वाट पाहा," म्हणत तिनं बैल हाकलले.

वाट पाहणारा रोजच दिसू लागला. कधी प्यायला पाणी हवं, कधी विळा. मागायचं काहीतरी, पाहायचं तिच्याकडे... आणि साधनाही घागर जरा जास्तच भरून आणू लागली.

ऑगस्टात तीन दिवस पाऊस नुसता कोसळला. साधनाच्या वावरातलं पाणी सऱ्यांमधून नाल्याला गेलं. अतुलच्या वावरात ते तुंबलं, झाडं पिवळी पडली.

"हसलो होतो मी," तो खाली पाहत म्हणाला. "चुकलो."

टोमणा तिच्या जिभेवर तयार होता. तो गिळून तिनं फावडं उचललं. दुपारपर्यंत दोघांनी त्याच्या वावरात गुडघाभर चिखलात चर खोदला.

"गालाले चिखल लागला तुह्या."

"पुसू नका. तुमचे हात त्याच्याऊन खराब हायेत."

त्याचं निम्मं पीक वाचलं. पुढं पावसानं वीस दिवस दडी मारली, तरी साधनाचं सोयाबीन हिरवंगार राहिलं. मळणीला मागच्या सालापेक्षा चार पोती जास्त भरली.

"अतुल, मक्त्याचं आता इसर," देवराव म्हणाले.

"मले वावर नाही पायजे, काका. मले... साधना पायजे. तिची मर्जी असन तर."

मळणीवरच्या माणसांनी माना वळवल्या. देवरावांनी पोत्यावर हात ठेवला.

"मले कायले इचारतं? वावर तिचं, मर्जी तिची. तिलेच इचार."

वावर तिचं! बाबा चारचौघांत हे म्हणाले होते. साधनाचा ऊर भरून आला.

"लग्न झाल्यावरबी हे वावर मीच करीन," ती म्हणाली.

"कर न. मी तुह्या हाताखाली काम करीन."

साधना लाजली नाही. सगळ्यांसमोर, ताठ मानेनं तिनं सांगून टाकलं, "या मंग. मलेबी तुमी आवडता."